शनिवार-रविवार लेकीचा, बुधवार तुमचा

ताई, नमस्कार.
आम्ही दोघं सांगलीला असतो. मी चौसष्ट वर्षांची, हे अडुसष्टचे. हायस्कूलात क्रीडाशिक्षक होते. लेक बोस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला असते. तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे चार महिने राहून आलो. सोमवार ते शुक्रवार लेक-जावई कामात, नात पाळणाघरात आणि आम्ही काचेतून रस्ता बघत. शनिवार आला की लेक आम्हाला गाडीत घालून नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन असं दाखवून आणायची आणि सोमवारी दमलेल्या चेहऱ्यानं कामाला बसायची. परतीच्या विमानात हे म्हणाले, "आता पुन्हा नको." पण लेकीनं परत तिकिटं काढली आहेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं, गणपतीच्या आधी परत. तिच्यावर भार नको आणि यांचं मन रमावं, एवढंच मला हवं आहे. माझा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर चालते, जिने नको वाटतात. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. बोस्टन चार दिवसांत बघून होईल का? आणि आमच्यासारख्यांनी तिथं काय बघावं?
— एक वाचक, सांगली

ताई,

तुमचं पत्र वाचताना 'काचेतून रस्ता बघत' या शब्दांपाशी मी थांबले. तुमच्या लेकीच्या गावापासून बोस्टनच्या बाजूला दोन स्टेशनं गेलं की माझ्या मुलाचं घर. तिथं मीही पाच महिने काढले आहेत. पहिले दोन खिडकीत गेले, पुढचे तीन शहरात. त्या तीन महिन्यांच्या भरवशावर हे लिहिते आहे.

चार दिवसांत बोस्टन बघून होईल, पण तसं बघू नका. तुमच्या हाताशी जवळजवळ वीस आठवडे आहेत. आठवड्यातला एक दिवस ठरवून टाका, बुधवार म्हणू या. त्या दिवशी तुम्ही दोघांनी आपले आपण आगगाडीनं शहरात जायचं, एकच ठिकाण बघायचं, बरोबर नेलेला डबा खायचा आणि लेक काम आटोपायच्या आत घरी यायचं. शनिवार-रविवार तिच्याबरोबर घरात बसा, नातीला बागेत न्या, लेकीला दुपारी झोपू द्या. तिला मोठा दौरा आखायची गरज वाटते, कारण तुम्ही पाच दिवस कोंडलेले असता हे तिला दिसतं. तुम्ही बुधवारी बाहेर पडलात की तिच्या डोक्यावरचं ते ओझं आपोआप उतरेल.

फ्रेमिंगहॅमला स्टेशन आहे, हे तुमचं भाग्य. तिथली गाडी पाऊण तास ते पन्नास मिनिटांत बोस्टनच्या साउथ स्टेशनला पोचते. नऊनंतरची पकडा, म्हणजे नोकरदारांची गर्दी ओसरलेली असते. दिवसा साधारण तासाला एक गाडी असते, तेव्हा परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. पासष्टीच्या वरच्यांना भाड्यात सवलत मिळते. ती सरांना लागू होईल, काय कागद लागतात ते लेकीला बघून ठेवायला सांगा. आणि एक शब्द पाठ करा: इनबाउंड. इनबाउंड म्हणजे बोस्टनकडे, आउटबाउंड म्हणजे उलट्या दिशेला वूस्टरकडे. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा मी आउटबाउंडमध्ये बसले. तिकीट तपासायला आलेल्या बाईंनी मला पुढच्या स्टेशनवर उतरवलं, समोरचा फलाट हातानं दाखवला आणि परतीची वेळ माझ्या तळहातावर पेनानं लिहून दिली. वाऱ्यात तासभर उभी होते. मुलगा म्हणाला, "आई, आता एकटी जाऊ नकोस." पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. अडखळत बोललं तरी चालतं, ताई. तिथली माणसं थांबून ऐकतात.

आता सरांसाठी. तुम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोचताय म्हणजे अगदी वेळेवर. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मॅसॅच्युसेट्स राज्याला पेट्रियट्स डेची सुट्टी असते आणि त्या दिवशी बोस्टन मॅरेथॉन धावते. दरवर्षी होणाऱ्या मॅरेथॉनमधली ही जगातली सगळ्यांत जुनी, 1897 पासूनची. त्या वर्षी 15 जण धावले होते, आता तीस हजारांच्या घरात धावतात. पाहुण्यांना सगळे बोस्टनच्या बॉयल्स्टन स्ट्रीटवर, शर्यत संपते तिथं जायला सांगतात. तुम्ही जाऊ नका. तिथं माणसांच्या पाठी दिसतात. शर्यत हॉपकिंटनहून सुटते आणि तुमच्या लेकीच्या गावातूनच, स्टेशनजवळून जाते. तिथं दोरीला टेकून उभं राहिलात तर धावणारे हाताच्या अंतरावरून जातात.

त्या वेळी त्यांचं दहाएक किलोमीटर झालेलं असतं, अंगात अजून दम असतो, चेहरे मोकळे असतात. आधी चाकाच्या खुर्चीवरचे स्पर्धक येतात, दंडांच्या जोरावर सूं करून जातात. मग आघाडीचे धावपटू, मग लाटांमागून लाटा. मी पाहिलं तेव्हा शेजारी सहा-सात वर्षांचा एक मुलगा सोललेल्या संत्र्यांच्या फोडी तळहातावर घेऊन हात लांब करून उभा होता. कुणी फोड उचलली की तो वळून आईकडे बघायचा आणि पुन्हा हात पुढे करायचा. तासभर त्याचा हात खाली आला नाही. सरांना हे बघू दे. त्यांनी किती मुलांना मैदानावर उभं केलं असेल!

त्यांना सांगायला आणखी दोन गोष्टी. सुरुवातीची सत्तावीस वर्षं ही शर्यत तुमच्या शेजारच्या अॅशलँडमधून सुटायची, 1924 मध्ये ती हॉपकिंटनला गेली. आणि 1907 साली फ्रेमिंगहॅममध्येच एक मालगाडी धावण्याच्या मार्गावर आडवी आली. पुढचे काही जण निसटले, मागचे मिनिटाहून जास्त वेळ जागच्या जागी पाय हलवत थांबले. निसटलेल्यांतला टॉम लाँगबोट जिंकला. बायकांना मात्र या शर्यतीत 1972 पर्यंत अधिकृत प्रवेश नव्हता. 1966 साली बॉबी गिब झुडपाआड लपून राहिली, शर्यत सुटल्यावर घोळक्यात शिरली आणि पूर्ण धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर छातीवर 261 क्रमांक लावून धावत होती, तर एका अधिकाऱ्यानं तो ओढून काढायचा प्रयत्न केला. तीही पोचली. सरांना हेही सांगा, की इथं नाव नोंदवायला बहुतेकांना आधी ठरावीक वेळेत एखादी मॅरेथॉन पळावी लागते. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांसाठी अलीकडच्या वर्षांत ती वेळ 4 तास 5 मिनिटं होती. तुमच्या वयाची माणसं ती गाठून तुमच्यासमोरून धावत जातील.

एप्रिलात थंडी असते हे मात्र विसरू नका. स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. सांगलीच्या उन्हातून गेलेल्याला तो वारा हाडात लागतो.

नंतरचा एखादा बुधवार फेनवे पार्कचा. तुमची गाडी लॅन्सडाउन नावाच्या स्टेशनवर थांबते, तिथून मैदान अक्षरशः दोन पावलांवर. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल मैदानांतलं हे सगळ्यांत जुनं, 1912 चं. एप्रिल-मेमध्ये, समोर न्यूयॉर्कचा यांकीज संघ नसेल तर, तिकिटं त्यातल्या त्यात परवडतात, आणि कधीकधी बुधवारी दुपारीच सामना असतो. सामना नको असेल तर नुसतं मैदान हिंडून दाखवतात. बेसबॉल कळायला सरांना अर्धा तास पुरे: चेंडू टप्पा न घेता येतो, फटका मारला की बॅट टाकून पळायचं, तीनदा हुकलं की बाद, तिघं बाद झाले की डाव बदलला, असे दोन्ही संघांचे नऊ-नऊ डाव. त्यांना डाव्या हाताची हिरवी भिंत बघायला सांगा. 37 फूट उंच! मागे लगेच रस्ता आहे, त्यामुळे त्या बाजूला मैदान लांबीला कमी पडलं. लांबी नाही म्हणून उंची वाढवली. भिंतीच्या पोटात अजून माणसं बसतात आणि धावफलकावरचे आकडे हातानं बदलतात. फटीतून त्यांचे डोळे दिसतात.

फेनवे पार्क ज्यांचं घर, त्या रेड सॉक्स संघानं 1918 नंतर 86 वर्षं अजिंक्यपद पाहिलं नव्हतं. बेब रूथसारखा खेळाडू त्यांनी यांकीजना विकला होता, त्याचाच शाप लागला म्हणायचे. 2004 मध्ये त्याच यांकीजविरुद्ध तीन सामने हरल्यावर ओळीनं चार जिंकून ते पुढे गेले आणि अजिंक्य ठरले. शेजारी बसलेल्या कुठल्याही पांढऱ्या केसांच्या माणसाला '2004' एवढंच म्हणा, सरांना पुढे बोलायला मित्र मिळेल.

तुम्हाला वाटेल, सगळं यांचंच. तुमचा बुधवार आता सांगते.

राज्याचं विधानभवन, स्टेट हाउस, फक्त कामाच्या दिवशी उघडं असतं. दरवेळी शनिवारी शहरात जाणाऱ्यांना ते बाहेरूनच बघावं लागतं. आत जायला पैसे नाहीत, आत लिफ्ट आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. 1798 मध्ये बांधून झालेल्या या इमारतीचा घुमट आधी लाकडी पट्ट्यांचा होता. तो गळू लागला म्हणून 1802 मध्ये त्यावर तांब्याचा पत्रा चढवला आणि 1874 मध्ये सोन्याचा वर्ख. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या भीतीनं तोच सोनेरी घुमट काळपट रंगानं झाकला होता. आणि प्रतिनिधींच्या सभागृहात मान वर करून बघा, जवळजवळ पाच फूट लांब लाकडी मासा टांगलेला आहे. कॉड. या किनाऱ्यावरचं पहिलं धन या माशातून आलं, त्याची आठवण कायदे करणाऱ्यांच्या डोक्यावर ठेवली आहे. मला हा मासा फार आवडला. आपलं पोट कुणी भरलं ते विसरले नाहीत.

विधानभवनासमोर बोस्टन कॉमन नावाची बाग आहे, 1634 ची. तेव्हा तिथं गावाच्या गाई चरायच्या. तिथूनच जमिनीवर विटांची लाल रेघ सुरू होते. तिचं नाव फ्रीडम ट्रेल. सुमारे चार किलोमीटर आणि सोळा ठिकाणं. लोक ती एका दमात चालतात. तुम्ही तिचे तीन बुधवार करा. फरशी-विटा वरखाली आहेत, बूट चांगले घाला.

पहिल्या तुकड्यात ग्रॅनरी नावाचं जुनं दफनस्थान येतं. पातळ काळ्या दगडांवर पंख असलेल्या कवट्या कोरल्या आहेत, नखानं चाचपावंसं वाटतं पण हात लावू नका, दगड पापुद्र्यांनी सुटतात. पुढे ओल्ड साउथ मीटिंग हाउस. 16 डिसेंबर 1773 ला तिथं हजारो लोक जमले आणि त्या रात्री काही जणांनी बंदरातल्या जहाजांवरच्या चहाच्या 342 पेट्या पाण्यात टाकल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, ताई. तीच कंपनी. त्याच वर्षी 30 ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. मग राघोबादादा मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि 6 मार्च 1775 ला सुरतेचा तह झाला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, 19 एप्रिलला, बोस्टनजवळ लेक्सिंग्टनला इंग्रजांविरुद्ध पहिली गोळी झडली. पेट्रियट्स डे त्याच दिवसाचा. एकाच वसंतात एकीकडे लोक इंग्रजांवर बंदुका रोखत होते आणि आमच्याकडे गादीसाठी त्यांना बोलावणं धाडलं जात होतं. हे मला त्या सभागृहातल्या पांढऱ्या बाकावर बसले असताना सुचलं आणि किती तरी वेळ उठवेना.

जवळच ओल्ड स्टेट हाउस आहे, 1713 चं. उंच काचेच्या इमारतींच्या मधे विटांचं खेळणं ठेवल्यासारखं दिसतं. त्याच्या सज्जातून 18 जुलै 1776 ला बोस्टनकरांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवला. आजही दर 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सकाळी त्याच सज्जातून तो मोठ्यानं वाचतात. त्या दिवशी माझं ऐका, सकाळी जा. रात्री नदीकाठी बोस्टन पॉप्स या वाद्यवृंदाचं वादन आणि आतषबाजी असते, फार सुंदर असते, पण लाखो माणसं, बंद रस्ते आणि परतीची लांब चाल. तुमच्या गुडघ्याला ते झेपायचं नाही. रात्रीचं टीव्हीवर बघा, सकाळचं रस्त्यात उभं राहून.

शेवटच्या तुकड्यासाठी पुलावरून चालू नका. लाँग व्हार्फ या धक्क्यावरून पलीकडच्या चार्ल्सटाउनला जाणारी छोटी बोट घ्या, दहा मिनिटांत पाण्यावरून सगळं शहर दिसतं. पलीकडे 1797 चं 'कॉन्स्टिट्यूशन' हे लढाऊ जहाज आहे, अजून अमेरिकी नौदलाच्या सेवेत. आतले जिने खडे आहेत, तुम्ही वरच्या डेकवरच थांबा. बंकर हिलच्या मनोऱ्याला 294 पायऱ्या, म्हणजे पर्वतीच्या जवळजवळ तिप्पट, आणि लिफ्ट नाही. सरांना चढू दे. तुम्ही खाली हिरवळीवर बसा.

पावसाचा बुधवार कॉप्लीच्या ग्रंथालयाचा. बॅक बे स्टेशनवर उतरलात की पाच मिनिटं. दारावर दगडात कोरलं आहे: 'सर्वांना मोफत'. वर बेट्स हॉल नावाची वाचनाची खोली आहे, उंच कमानदार छत, लांब टेबलं, हिरव्या काचेचे दिवे. कुणी विचारत नाही कुठून आलात, किती वेळ बसणार. मराठी वर्तमानपत्र फोनवर उघडून मी तिथं दोन तास बसायची. मधल्या चौकात कारंजं आहे, प्रसाधनगृह स्वच्छ आहे (आपल्या वयाला हे आधी बघावं लागतं, साउथ स्टेशन आणि क्विन्सी मार्केटमध्येही सोय आहे). ग्रंथालयासमोर रस्त्यावर मॅरेथॉनची शेवटची रेघ वर्षभर रंगवलेली असते. 2013 साली तिथंच स्फोट झाले आणि बघायला आलेले तिघं गेले. त्यांची स्मारकं त्याच रस्त्याच्या कडेला आहेत, क्षणभर थांबा. पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा त्याच रेघेवर संपली.

लेकीच्या गावच्या ग्रंथालयातही जा. तिच्या कार्डावर संग्रहालयांचे सवलतीचे पास उसने मिळतात, हे तिथं राहणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं. ललितकला संग्रहालयाचा पास मिळाला तर भारतीय दालन चुकवू नका. भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी तिथं 1917 पासून तीस वर्षं काम केलं.

हार्वर्ड विद्यापीठात साउथ स्टेशनहून रेड लाइन या मेट्रोनं जातात. सगळे तिथल्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो काढतात. तुम्ही काढा, पण त्या आवारात चालताना बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांची आठवण ठेवा. गोव्यातल्या सांखवाळचा, शाळा सुटलेला मुलगा, पाली शिकण्यासाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घालून 1910 मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी इथं पोचला. पुढे त्यांचा मुलगा दामोदर इथंच शिकला, 1929 मध्ये पदवीधर झाला. इंग्रजी बोलताना अडखळते असं तुम्ही लिहिलंत ना, धर्मानंदही इंग्रजी मोठेपणीच शिकले.

दोन सण शनिवार-रविवारचे आहेत, ते लेकीबरोबर करा. मेच्या दुसऱ्या रविवारी आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात लायलॅकच्या फुलांचा उत्सव असतो. वर्षातून त्या एकाच दिवशी तिथं डबा उघडून बसायची परवानगी असते. नातीला घेऊन जा, धपाटे न्या. दुसरा ऑगस्टच्या शेवटी, नॉर्थ एंड या इटालियन वस्तीतला संत अँथनीचा, 1919 पासूनचा. खांद्यावर मूर्ती, पुढे पितळी वाद्यांचा बँड, खिडक्यांतून उडणारे कागदाचे कपटे आणि मूर्तीच्या रिबिनींना टाचलेल्या डॉलरच्या नोटा. एक म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती. मिरवणूक तिच्यापाशी थांबली, मूर्ती तिच्याकडे वळवली, तिनं नोट टाचली आणि पदराऐवजी रुमालानं डोळे टिपले. मला सांगलीच्या गावभागातली मिरवणूक आठवली. तुम्हालाही आठवेल.

खाण्याचं जपून. प्रसिद्ध बोस्टन बीन्समध्ये बहुधा डुकराचं मांस असतं, शिंपल्यांच्या दाट सूपमध्येही असू शकतं. विचारल्याशिवाय घेऊ नका. प्रवासी आरोग्य विमा मात्र इथूनच काढून निघा आणि गुडघ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या.

पहिला बुधवार मॅरेथॉननंतर दोन दिवसांनी येईल. त्या दिवशी काहीच बघायचं ठरवू नका. नऊनंतरची इनबाउंड गाडी, बॅक बेला उतरा, ग्रंथालयात तासभर बसा, बाहेर येऊन त्या रेघेवर सरांचा फोटो काढा आणि दोनच्या सुमाराची गाडी धरून घरी या. लेकीचा पत्ता आणि फोन एका कागदावर सरांच्या खिशात, एका कागदावर तुमच्या पर्समध्ये.